यंदा बसत नाही

शुक्रवारी गर्टच्या बारमध्ये तळलेले मासे खायला आमचं अख्खं बेल ग्रोव्ह गाव लोटतं. ऑक्टोबरच्या शेवटी शेवटी डेलमार वोय्ता दारातून आत आला, की प्रत्येक टेबलावरून त्याला एकच प्रश्न यायचा. "काय डेलमार, बसलं का?" डेलमार टोपी काढायचा, बूट झटकायचा आणि म्हणायचा, "नाही रे. यंदा नाही बसत." मग सगळे माझ्याकडे बघून हळहळायचे आणि पुन्हा माशांना हात घालायचे. असं चौदा वर्षं चाललं. जे बसत नव्हतं, ते आमचं लग्न होतं.

डेलमार आमच्या शाळेची बस चालवतो. एकसष्ट वर्षांचा आहे, अंगाने काटकुळा. कान मात्र देवाने दुसऱ्या कुणासाठी केलेले आणि चुकून याला लावलेले. बसमधल्या बावन्न पोरांचे वाढदिवस त्याला पाठ आहेत. माझ्या घरापुढचा बर्फ सकाळी मी कॉफी टाकायच्या आत उचललेला असतो. आणि प्रामाणिक इतका, की त्याच्यापुढे बसलं की आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं. एकदा चर्चच्या सोडतीत त्याला अख्खा हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, लागला. आम्ही सगळे म्हणालो, चला, नाताळची सोय झाली. हा गेला घरी आणि कर खात्याला फोन लावून बसला. दोन तास कानाला संगीत लावून ठेवलं त्यांनी. शेवटी एक बाई आली, तिला हा विचारतो, "हॅम उत्पन्नात कुठल्या भावाने दाखवायचा? हाडासकट की हाडाशिवाय?" बाईने फोन ठेवून दिला. याने हाडासकट दाखवला.

आता ते बसण्याचं सांगते. सरकार कराचे टप्पे दर वर्षी महागाईच्या मानाने थोडे वर सरकवतं. एवढ्या कमाईपर्यंत हा दर, तिथे रेघ, रेघेच्या वर चढा दर. ऑक्टोबरात नव्या वर्षाच्या रेघा जाहीर होतात आणि आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वर्तमानपत्रात त्यांचा तक्ता येतो. इतर लोक तेवढ्या पानावर बटाटे सोलतात. डेलमार ते पान कात्रीने कापून घेतो, माझी कमाई आणि त्याची कमाई यांची बेरीज करतो, त्यातून वजावटी काढतो आणि ती बेरीज रेघेच्या खाली बसते का ते बघतो.

पहिल्यांदा त्याने हे केलं तेव्हा आम्ही दोन वर्षं शुक्रवारी एका टेबलावर बसत होतो. माझ्या पुढ्यात कागद सरकवून तो म्हणाला, "अर्लिस, माझ्या मनात लग्नाचं होतं. पण हे बघ, आपण दोघं मिळून रेघेच्या चौदाशे डॉलर वर जातो."

"मग?"

"मग काय? एक डॉलर जरी वर गेला ना, तर पहिल्या डॉलरपासून सगळ्याला चढा दर लागतो. तुझ्या कष्टाच्या पैशाचं माझ्यामुळे नुकसान? मी करणार नाही."

असं नसतं, फक्त वरच्या डॉलरलाच चढा दर लागतो, हे मी त्याला सांगितलं. शाळेतल्या पोराने बस उलटी चालवायचा सल्ला द्यावा तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला कोणीतरी फसवलंय," म्हणाला. मी हात टेकले आणि मासा खाल्ला.

पुढची वर्षंही तशीच गेली. रेघ दोन पावलं वर सरकायची, तशी शाळा त्याचा पगार चार पैशांनी वाढवायची आणि लायब्ररी माझा. आम्ही नेमाने रेघेच्या थोडे वरच. डेलमारने एका उन्हाळ्यात दफनभूमीतलं गवत कापायचं काम सोडून दिलं, बेरीज उतरावी म्हणून. उतरली, तर त्याच वर्षी लायब्ररीने माझे तास वाढवले. तो इतका हिरमुसला, की मला स्वतःची बढती गुन्ह्यासारखी वाटली.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. गावात हे सगळ्यात आधी गर्टला कळलं.

त्या तक्त्यात दोन रकाने असतात. एक एकट्या माणसाचा, दुसरा लग्न झालेल्या जोडप्याचा. जोडप्याची रेघ एकट्याच्या बरोबर दुप्पट उंचीवर असते. डेलमार आमच्या दोघांची कमाई एकत्र करायचा आणि एकट्याच्या रकान्यात कोंबायला बघायचा. दोन माणसांनी एका सदऱ्यात शिरल्यावर बटणं लागतील का? जोडप्याच्या रकान्यात आम्ही दोघं आरामात मावलो असतो आणि जवळपास निम्मी जागा उरली असती.

हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. मी लायब्ररीत काम करते. वसंतात तिथे लोकांचे फॉर्म भरून द्यायला स्वयंसेवक बसतात, त्यांना कॉफी करून देता देता माणूस थोडंफार शिकतो. मी त्या वर्षी सहज म्हणून डेलमारला विचारलंही होतं, "तू तो दुसरा रकाना का नाही बघत?"

तो म्हणाला, "तो लग्न झालेल्यांचा आहे."

"अरे हो, पण..."

"आपलं लग्न झालंय का?"

"नाही."

"मग आपण तो कसा वापरायचा? लग्नाआधीच लग्नाचा रकाना लावायचा? ती तर लबाडी झाली." आणि त्याने कात्रीने एकट्याचा रकाना नीट कापून खिशात ठेवला. लग्नाचा रकाना टेबलावर राहिला. गर्टने त्यात माशांचे काटे गुंडाळून टाकून दिले.

तेव्हाच मी त्याला समोर बसवून समजावायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. मी समजावलं नाही. कारण माझं पहिलं लग्न अकरा वर्षं चाललं होतं. नवरा वाईट नव्हता, मारत नव्हता, पीत नव्हता. पण हळूहळू तो सगळ्या घरभर झाला. रेडिओ कुठला लावायचा, खिडकी किती उघडायची, टोस्ट किती भाजायचा, सगळं त्याचं. तो दुसरीबरोबर निघून गेला त्या दिवशी मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी टोस्ट मला हवा तसा काळाकुट्ट भाजून उभ्या उभ्या खाल्ला. ते घर मला पुन्हा कुणाला द्यायचं नव्हतं. आणि डेलमार मला हवा होता. दोन्ही खरं होतं. सरकारची रेघ मधे उभी होती, तिच्या आडोशाला मला दोन्ही मिळत होतं. म्हणून मी तोंड शिवून घेतलं.

मग दोन हजार बावीस साल उजाडलं.

सगळं गाव महागाईच्या नावाने बोटं मोडत होतं. अंडी महाग, पेट्रोल महाग, गर्टने माशांच्या ताटामागे दोन डॉलर वाढवले आणि लोकांनी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला. एकटा डेलमार खुशीत. दुकानात अंड्यांचा भाव वाचून हा शीळ घालायचा. मी म्हटलं, "काय रे, डोकं फिरलं का तुझं?" तर म्हणतो, "अगं, महागाई जितकी वाढेल तितकी रेघ वर जाईल. पगार मात्र तेवढा वाढत नाही. मी हिशेब करतोय."

मी अंडी न घेताच दुकानाबाहेर आले.

ऑक्टोबरच्या अठरा तारखेला, मंगळवारी दुपारी, मी मुलांची पुस्तकं लावत होते. डेलमार लायब्ररीत धावत आला. शाळेची बस बाहेर तशीच उभी. आमच्याकडे मोठ्याने बोलायची मनाई आहे, म्हणून तो कुजबुजत ओरडला.

"अर्लिस! बसतं!"

"काय बसतं?"

"आपण! रेघ जवळपास तीन हजारांनी वर गेली! चारशे पंधरा डॉलर राखून आपण आत बसतो!"

वाचत बसलेल्या तिघा म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हसावं लागलं. माझे पाय मात्र बर्फात उभी असल्यासारखे गार पडले होते.

तीन दिवसांनी दुसरं पत्रक आलं. म्हातारपणाच्या खात्यात वर्षाला जास्तीत जास्त किती टाकता येतं ती मर्यादासुद्धा सरकारने पाचशे डॉलरनी वाढवली होती. डेलमार त्या खात्यात दर वर्षी मर्यादेइतके पैसे टाकतो, एक डॉलर कमी नाही की जास्त नाही. खात्यात गेलेले पैसे बेरजेतून वजा होतात. शुक्रवारी तो गर्टच्या बारमध्ये शिरला आणि कुणी विचारायच्या आत दोन्ही हात वर करून म्हणाला, "बसतं! नऊशे पंधरा राखून! एक मांजरसुद्धा मावेल!" गर्टने सगळ्यांना फुकट ब्रँडी पाजली. ज्यांनी तिच्याशी अबोला धरला होता त्यांनी दोनदा घेतली.

त्या शनिवार-रविवारी मी झोपले नाही. सोमवारी मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी लायब्ररीच्या संचालक बाईंकडे गेले आणि पगारवाढ मागितली.

बाई चकित झाल्या. "अर्लिस, तू कधीच काही मागत नाहीस. किती हवी आहे?"

मी घरून आकडा काढूनच आले होते. "वर्षाला नऊशे सोळा डॉलर."

"सोळा का?"

"असंच."

त्यांनी चष्मा पुसला, कुठली तरी वही उघडली, मिटली आणि म्हणाल्या, "तासाला वीस सेंट वाढवून देते. याहून जास्त मंडळ ऐकणार नाही." म्हणजे वर्षाचे अडीचशे. माझा चेहरा इतका पडला, की त्या बिचाऱ्या माफी मागायला लागल्या.

डेलमारला कळलं तेव्हा तो फुलं घेऊन आला. "अभिनंदन! आणि काळजी करू नकोस, मी पुन्हा बेरीज केली. तरीही बसतं!"

त्या संध्याकाळी गर्टने मला स्वयंपाकघरात ओढलं. गर्ट माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिच्यापुढे काही लपत नाही. मी तिला सगळं सांगितलं. दोन रकाने, टोस्ट, वीस सेंट, सगळं.

ती माशांच्या पिठाने माखलेले हात कमरेवर ठेवून म्हणाली, "म्हणजे तेरा वर्षं तुला माहीत होतं आणि तू त्या माणसाला माझ्या बारमध्ये सगळ्यांसमोर 'बसत नाही, बसत नाही' म्हणत फिरू दिलंस?"

"हो."

"नकोय का तुला तो?"

"हवाय गं. म्हणून तर."

"मग तूच सांग त्याला. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तो मोडेल. आणि मी सांगणार आहे, कारण मला ब्रँडी चढली की राहवत नाही. तुला शनिवारपर्यंत वेळ देते."

शनिवारी मी त्याला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर टेबलावर वर्तमानपत्राचं न कापलेलं पान ठेवलं. एकट्याच्या रकान्यावर एक बोट, जोडप्याच्या रकान्यावर दुसरं. "डेलमार, लग्न झालं की आपल्याला हा रकाना लागतो. आपण यात बसतो. पहिल्या वर्षापासून बसत होतो."

तो वाचत राहिला. मग हळूच म्हणाला, "हा आपला?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. त्याच्यासमोर बोलता येत नाही. "दुसऱ्या वर्षी."

त्याने पानाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. "मी दफनभूमीचं काम सोडलं होतं," एवढंच म्हणाला. टोपी घातली आणि गेला.

दहा दिवसांनी मोठा बर्फ पडला. सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर माझ्या घरापुढे गुडघाभर बर्फ तसाच. अख्ख्या गल्लीत सगळ्यांनी आपापला काढलेला, माझा तेवढा शाबूत. आमच्या गावात याहून मोठी दवंडी नसते. नऊ वाजेपर्यंत पाच जणींचे फोन आले. मी फावडं घेऊन बाहेर पडले, अर्धा रस्ता मोकळा केला आणि फावड्यावर रेलून रडले. कंबर दुखत होती म्हणून रडतेय असं शेजारणीला सांगितलं.

मग हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस आले. आमच्याकडे त्या दिवसांत गावात पुरुष उरत नाही, सगळे नारिंगी कोट घालून जंगलात जाऊन बसतात. डेलमारही भावाबरोबर उत्तरेला गेला, मला न सांगता. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मी एवढासा टर्की भाजला आणि एकटीच जेवायला बसले. रेडिओ माझा होता, खिडकी माझी होती, टोस्ट मला हवा तसा काळा होता. अर्धं ताट मात्र मी तसंच झाकून ठेवलं. मी डेलमारला गमावलंय आणि तेही या टोस्टपायी, असं वाटून मला स्वतःचाच संताप आला.

रविवारी शिकार संपली. दुपारी दार वाजलं. दारात डेलमार, नारिंगी कोटातच, नऊ दिवसांची दाढी वाढलेली. हरीण मिळालं नव्हतं.

"आत येऊ?"

"ये की."

तो बसला. कोट काढला नाही. "मी मचाणावर बसून विचार केला. आठ हरणं समोरून गेली, मला दिसलीसुद्धा नाहीत. भाऊ शिव्या घालत होता. अर्लिस, चौदा वर्षं मला वाटलं की सरकार नाही म्हणतंय. नाही तू म्हणत होतीस."

"मी कधी नाही म्हटलं?"

"सांगितलं नाहीस म्हणजे तेच झालं."

"झालं. मान्य. लबाडी केली मी. मला पुन्हा घर वाटून घ्यायची भीती वाटत होती. तू चांगला आहेस म्हणून ती भीती जात नाही रे. पण एक सांग डेलमार, चौदा वर्षांत तू मला विचारलंस कधी?"

"दर ऑक्टोबरात!"

"नाही. दर ऑक्टोबरात तू मला बेरीज सांगितलीस. बसत नाही, एवढंच. आणि बसलं तेव्हा 'बसतं' म्हणून ओरडलास, तेही लायब्ररीत. 'अर्लिस, माझ्याशी लग्न करतेस का?' असं एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघून विचारलंस? एकदा?"

तो मनातल्या मनात चौदा ऑक्टोबर मोजत असावा. त्याचे ते कान लालबुंद झाले.

"नाही," म्हणाला. "बसतच नव्हतं, तर विचारायचं कशाला, म्हणून..." मग उभा राहिला, कोट काढला, खुर्चीवर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "अर्लिस, माझ्याशी लग्न करतेस का?"

या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं, ते मी किती वर्षं घोकून ठेवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना.

"हो," म्हटलं. "पण मी या घरात राहणार आणि तू तुझ्या. रात्रीचं जेवण एकत्र. रविवारी तू इथे किंवा मी तिथे. टोस्ट ज्याचा त्याने भाजायचा."

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, संपलं. पण तो म्हणाला, "हे चालतं का? फॉर्मवर विचारतात?"

"लग्न झालंय का, एवढंच विचारतात. घरं किती, ते नाही विचारत."

"नक्की?"

"मी तेरा वर्षं ते फॉर्म बघतेय, डेलमार."

"मग चालेल," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. मला तेव्हा कळलं, की त्यालाही आपलं घर तेवढंच प्यारं होतं, फक्त तो कधी बोलला नव्हता. मी कॉफी ओतली. दोन घोट घेऊन तो पुन्हा बोलायला लागला.

"जंगलात जाताना मी लग्नाच्या रकान्याच्या सगळ्या सूचना बरोबर नेल्या होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. त्यात एक आहे. एकतीस डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं असलं ना, तर सरकार तुम्हाला अख्खं वर्ष लग्न झालेलं धरतं. एक जानेवारीपासून. आधीची वर्षं परत मिळत नाहीत, मी बघितलं. पण आपण आत्ता केलं तर हे एक मिळतं."

मी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सोमवारी सकाळी लग्नाचा परवाना काढायला काउंटीच्या कचेरीचं दार उघडायच्या आधीच आम्ही दोघं पायऱ्यांवर उभे होतो.